जीपची टाकी घेऊन असोद्याला

सकाळी पावणेसहाला धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पाठीवर सॅक, तिच्यात नटबोल्टचे पाने, रबराच्या पट्ट्या, नवी पेट्रोल नळी आणि एक जोडी कपडे. कडेवर गोधडीत गुंडाळलेली एका जुन्या जीपची टाकी. पत्रा कापण्यापासून शेवटच्या वेल्डिंगपर्यंत मी एकट्याने केलेली, ॲल्युमिनियमची. ती होळीला असोद्याला पोचायची होती. होळी होऊन एकवीस दिवस झाले होते.

जुन्या गाड्या दुरुस्त करणारे बरेच जण मला विचारतात की खान्देशात टाकी करून मिळते का, यायचं कसं, राहायचं कुठे. त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं. रस्ता, खाणं, खर्च सगळं येईल. माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं आहे, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा तपासून घेतला आहे. माणसांची बोलणी मात्र जशी ऐकली तशीच ठेवली आहेत.

आधी काम सांगतो. धुळ्याला दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकना तोटा नाही. मी ज्या शेडमध्ये काम करतो तिथे ट्रकच्या डिझेल टाक्या होतात. शेड नानांची. मला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं. गेल्या काही वर्षांपासून जुन्या मोटारींचे हौशी लोकही येऊ लागले. त्यांच्या लोखंडी टाक्या आतून गंजून गेलेल्या असतात आणि नव्या कुठे मिळत नाहीत. मग ते कुजलेली टाकी नमुना म्हणून आणतात. आम्ही तिच्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा काढतो, पत्रा कापतो, वाकवतो, पेट्रोल आत हिंदकळू नये म्हणून मध्ये अडवणीच्या पट्ट्या बसवतो आणि आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने जोड भरतो. शेवटी सगळी तोंडं बुचं मारून बंद करायची, आत थोडी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडा आला नाही की टाकी पास. नानांच्या शेडमध्ये तीस वर्षं हीच परीक्षा आहे.

असोद्याचे आबा केळी पिकवतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांची जीप डाव्या स्टेअरिंगची आहे, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. टाकी सडली म्हणून जीप सहा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. आबांच्या पत्नी अक्का. त्यांना बंद गाडीत मळमळायचं, पाच किलोमीटरही जाता यायचं नाही. दरवर्षी त्या आबांच्या शेजारी या उघड्या जीपमध्ये बसून मुक्ताईनगरला मुक्ताईच्या दर्शनाला जायच्या. जीप बंद पडली आणि त्यांचं जाणंही बंद पडलं. माघ महिन्यात आबा जुनी टाकी घेऊन धुळ्याला आले तेव्हा म्हणाले होते, "मले गाडीची घाई नही रे भाऊ. तिले घाई हाये. पाय आता थकत चालले तिचे." मी होळीचा वायदा केला.

टाकी होळीला तयार होती. साबणाच्या परीक्षेत पासही झाली होती. पण या टाकीवर माणूस बसणार होता, अक्का शेजारी बसणार होत्या. मला भीती वाटली. मी माझी आणखी एक परीक्षा लावली. आबांचंच जुनं पितळी झाकण लावून आत पेट्रोल भरलं, पातळी पट्टीने मोजली आणि चार दिवस शेडच्या कोपऱ्यात ठेवली. चौथ्या दिवशी पातळी दोन मिलिमीटर उतरली होती. बाहेर ओल नाही, वास नाही, पण पातळी खाली. म्हणजे गळते. पेट्रोल पाहिलेल्या टाकीला लगेच वेल्डिंग करता येत नाही, भडका उडतो. ती साबणाने, गरम पाण्याने धुवायची, उन्हात वाळवायची, मग जोड पुन्हा भरायचे. यात आठवडा जातो. मी ते केलं. पुन्हा चार दिवस, पुन्हा दोन मिलिमीटर. पुन्हा सगळं करायला निघालो.

सगळं बरोबर असताना तिथेच काय घुटमळतोस, म्हणून नाना त्यांच्या अहिराणीत वैतागले. "बठ्ठं बरोबर शे रे. माशी शे का तू, पुन्हा पुन्हा तठेच बसस? लोके वाट देखी राहिनात."

मी म्हणालो, "नाना, उतरतंय तर देऊ कसं?"

शेवटी त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी घेतली, टाकीच्या झाकणावर घातली आणि रबराने आवळली. दुपारपर्यंत पिशवी फुग्यासारखी फुगली. पेट्रोल गळत नव्हतं. वाफ होऊन झाकणातून जात होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला चामड्याची चकती होती, तिच्याखाली एक बारीक भोक. मी ते झाकण तीनदा धुतलं होतं आणि ते भोक काळा डाग समजलो होतो. जुन्या गाड्यांच्या झाकणाला श्वास घ्यायला वाट ठेवलेली असते. नसली तर पेट्रोल ओढलं जात नाही आणि गाडी बंद पडते. ट्रकच्या टाकीला श्वासाची नळी वेगळी असते, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. टाकी पहिल्या दिवसापासून चांगली होती.

या दिवसांत आबा एक दिवसाआड फोन करायचे. "झाली का?" मी म्हणायचो, "चार दिवस, आबा." मग त्यांचा फोन येणं थांबलं. मला वाटलं चिडले. मी निघायच्या आदल्या दिवशी फोन केला तर एवढंच म्हणाले, "ये. सकायची गाडी धर, ऊन लई हाये." त्यांच्याकडे ळचा य होतो, सकाळची म्हणजे सकायची.

बस आली. कंडक्टरने गोधडीकडे पाहिलं.

"काय आहे? बाळ?"

"टाकी आहे. जीपची."

"पेट्रोलची टाकी? उतर खाली."

"रिकामी आहे. धुतली आहे."

"हुंगू दे." त्याने खरंच गोधडी बाजूला करून टाकीच्या तोंडाशी नाक नेलं. "साबणाचा वास येतोय. आमच्या घरची भांडी इतकी धूत नाहीत. मांडीवर घेऊन बस, मग बाळाचं तिकीट नाही लावत."

ज्यांना टाकी घेऊन बसने यायचं असेल त्यांनी हे लक्षात ठेवा: वास आला तर कोणी गाडीत घेणार नाही, आणि घेऊही नये. टाकी धुऊन, वाळवून, उघड्या तोंडाने दोन दिवस ठेवावी. भाडं दीडशेच्या आसपास पडतं. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचायला अडीच-तीन तास लागतात. रस्ता आता बराचसा चौपदरी आहे. चैत्रात दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी रानं आणि पऱ्हाट्यांचे, म्हणजे वाळल्या काड्यांचे ढीग, बाकी काही नाही. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. चहा बरा आहे, वडा घेऊ नका, कालचा असतो. मी काही खाल्लं नाही. आबांना काय सांगायचं ते मनात लिहून पाहत होतो आणि खोडत होतो. शेजारच्या बाई एरंडोलला उतरताना टाकीवर टिचकी मारून म्हणाल्या, "चांगली वाजते. कोणासाठी नेतोस?" मी म्हणालो, "एका आजीसाठी." त्या हसल्या. आजीला जीप कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

जळगावला नऊ वाजता उतरलो. स्थानकाबाहेर पोहे चांगले मिळतात. तिथून असोद्याला एसटी जाते आणि रिक्षाही भरून जातात. अर्धा तास धरा. गाव मोठं आहे. केळीच्या बागा रस्त्याला लागूनच, आणि बागेत शिरल्यासारखा गारवा रिक्षात क्षणभर येतो आणि जातो. भरताची वांगी खायला यायचं असेल तर हिवाळ्यात या. उन्हाळ्यात ती चव नाही.

आबांचं घर विचारायला लागलं नाही. जीप अंगणात आणून ठेवली होती, बॉनेट पुसलेलं होतं. जळगावच्या मिस्त्रीने इंजिन आधीच उघडून, साफ करून, बाटलीतल्या पेट्रोलवर चालवून पाहिलं होतं. फक्त टाकीची जागा रिकामी होती.

आबा ओट्यावर बसले होते. "आला का? आधी पानी पे," म्हणाले. मी पाणी प्यालो. अक्का दिसल्या नाहीत. मी विचारलं.

"आत हाये," आबा म्हणाले. "पडली. न्हानीत पाय घसरला. खुब्याचं हाड गेलं. अकरा दिवस झाले."

मी गोधडी सोडत होतो. गाठ सुटेना.

"डाक्टर म्हने, या वयात आपरेशन झेपनार नही. आता बसनं नही, उठनं नही. तुले फोनवर सांगितलं असतं त तू आला नसता."

अकरा दिवसांपूर्वी मी दुसऱ्यांदा जोड भरत होतो. त्याच्याही आधी दहा दिवस टाकी शेडच्या कोपऱ्यात तयार होती आणि अक्का चालत होत्या. हा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला. त्यानंतर रोज करतो.

आबांच्या सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, मला आत नेलं. माजघरात खिडकीशी खाट होती. अक्का खूप बारीक झाल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले होते.

"कोन हाये?"

"टाकीवाला पोरगा आला, आत्या," वहिनी म्हणाल्या.

"मंग इतका दूर कशाले उभा राह्यला? इकडे ये." मी जवळ गेलो. "तूच का? फोनवर मले मोठ्या मानसाचा आवाज वाटे. हा त मिसरूड फुटेल पोरगा हाये." मग म्हणाल्या, "सवत कव्हा उठनार माझी?"

मला कळलं नाही. वहिनी हसल्या. "जीपला सवत म्हणतात त्या. मामंजी लग्नाच्या आधीपासून तिच्यासोबत आहेत म्हणून."

"संध्याकाळपर्यंत उठेल, अक्का," मी म्हणालो.

"मी नही उठत त तिले त उठव."

काम चार तासांचं होतं, मला सहा लागले. कोणी अशी टाकी बसवणार असेल तर एक सांगतो. ॲल्युमिनियमची टाकी लोखंडी पट्ट्यांवर नुसती ठेवू नका. ओल धरली की लोखंड तिला खातं. मध्ये जाड रबराची पट्टी द्या आणि बोल्ट थोडे थोडे करून आवळा, एकदम नाही. फर्मा चांगला असेल तर टाकी जागेवर आपसूक बसते. ही बसली. चारही भोकं जुन्या भोकांवर आली. एरवी त्या क्षणी मला जो आनंद होतो तो झाला नाही. आबा शेजारी पाटावर बसून पाने देत होते. कोणता पाना हवा ते त्यांना न सांगता कळायचं.

दुपारी वहिनींनी जेवायला वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि ताक. आबा जेवले नाहीत. आत गेले. दार उघडं होतं, ते अक्कांना भाकरी ताकात कुस्करून भरवताना दिसले. अक्का त्यांना रागावत होत्या, "मोठा घास घेता. म्हशीले चारता का?"

साडेपाचला पाच लिटर पेट्रोल ओतलं. आबा सीटवर बसले. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. आबांनी जीप पुढे घेतली नाही. मागे घेत घेत माजघराच्या खिडकीखाली नेली आणि तिथे पंधरा मिनिटं चालू ठेवली. मी खाली वाकून जोड पाहत होतो, बोटाने चाचपत होतो. कोरडे होते. आतून अक्कांचा आवाज आला.

"घसा बसला तिचा."

"सहा वर्सं बोलली नही कोनाशी," आबा ओरडून म्हणाले. "बसनारच."

"आता बंद करा. पेट्रोल काय झाडाले लागते?"

आबांनी बंद केलं. 

रात्री मी जळगावला लॉजवर जाणार होतो. स्थानकाजवळ साध्या खोल्या मिळतात, पंखा चालू करून पाहूनच घ्या. पण त्यांनी सोडलं नाही. जेवताना अक्कांनी आतून हुकूम दिला. "उद्या मुक्ताईले जाऊन या."

आबा म्हणाले, "तुले सोडून नही जात मी."

"मंग तिले काय दारात बसवायले उठवली? जा तुम्ही. आन या पोराले माझ्या जागेवर बसवा. रस्त्यात काही झालं त कामात येईन."

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. वहिनींनी माझ्या मांडीवर ओटीची पिशवी दिली. खण, नारळ, तांदूळ आणि बागेतल्या केळीच्या दोन फण्या. अक्कांनी मला खाटेपाशी बोलावून निरोप दिला. "सांगजो तिले, पाय चालत नही म्हनून नही आली. रुसून नही." मी हो म्हणालो.

भादलीवरून नशिराबादला येऊन महामार्गाला लागलो. असोद्याहून मुक्ताईनगर साठ-पासष्ट किलोमीटर असेल. चांगल्या मोटारीला सव्वा तास पुरतो, आम्हाला अडीच लागले. आबा चाळिसाच्या पुढे जात नव्हते. मोठ्या गाड्या जवळून गेल्या की जीप हलायची. उजवीकडे बसलेला मी, सीटच्या कडेला एक जुनी नायलॉनची दोरी होती, ती धरून. आबा म्हणाले, "तिच्यासाठी बांधेल हाये. धरजो." तिथल्या गाठी हातांनी गुळगुळीत झालेल्या होत्या.

भुसावळ सोडलं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसू लागल्या. आबा आपोआप हळू झाले. मी टाकीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. काही बिघाड नव्हता. "काय झालं, आबा?"

"काही नही. इथं ती पदर नाकाले लावे. वाऱ्यानं उडे, मंग मी हळू करू." पुन्हा वेग घेतला. वरणगावच्या अलीकडे एका लिंबाखाली त्यांनी जीप उभी केली आणि उतरले नाहीत. मी वाट पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "इथं चहा पेत व्हतो आम्ही. घरून थर्मास आने ती," म्हणाले आणि गिअर टाकला.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो आणि ते डावीकडून बोलत होते, पण रस्ताभर मला वाटत होतं की मी कोणाच्या तरी मांडीवर बसलो आहे.

मुक्ताईचं जुनं मंदिर कोथळीला आहे. गावात शिरण्याआधी विचारून घ्या, पाट्या आहेत पण उलट्या बाजूने दिसतात. सकाळी नऊच्या आत गेलात तर गर्दी नसते. आबा जीपमध्येच बसले. ते आत कधीच जात नसत, जीप राखत आणि अक्का आत जात. त्यामुळे मला एकट्याला जावं लागलं. बायकांच्या हातात ओट्या होत्या, पुरुषांत मी एकटा ओटी घेऊन. पुजाऱ्याने पिशवी घेताना विचारलं, "कोणाची?" मी अक्कांचं नाव सांगितलं. त्याने ओटी ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळला. मी मूर्तीसमोर हात जोडले. रुसून नाही आली, एवढं म्हणालो. पाय चालत नाहीत म्हणून, हे म्हणवेना. ते खरं नव्हतं. पाय चालत होते तेव्हा टाकी तयार होती आणि ती मी अडकवून ठेवली होती.

बाहेर आलो. रसवंतीवर आबांनी दोन ग्लास सांगितले. घुंगराचा आवाज चालू होता. मी ग्लास हातात धरून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाकी होळीला तयार होती इथपासून पिशवी फुगली इथपर्यंत. एकवीस दिवस, हा आकडाही सांगितला.

आबांनी ऐकत ऐकत रस संपवला. जीपपाशी जाऊन सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं, चामड्याची चकती नखाने उचलून ते भोक उन्हाकडे धरलं.

"हे मी पाडेल हाये," म्हणाले. "खिळ्यानं. याचं मूळचं भोक बुजून गेलं व्हतं. इथंच येत व्हतो. वरनगावच्या उतारावर गाडी बंद पडे, झाकन काढलं की चालू. ती शेजारी बसेल. मी दगडानं खिळा मारला, त म्हने, चांगली वस्तू अशी भोसकतात का." त्यांनी झाकण परत लावलं. हळूहळू, आटे पूर्ण बसेपर्यंत. "टाकी देताना तुले सांगायले पायजे व्हतं. भोक हाये म्हनून. एका शब्दाचं काम व्हतं."

मी म्हणालो, "तुमची चूक नाही, आबा. मी पाहायला हवं होतं."

"तू पाह्यलं नही, मी बोललो नही." मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट तापलेलं होतं. "तिले हे नको सांगजो. ती म्हनेन, दहा दिवस. आन ते दहा दिवस मोजत बसेन. तिच्याजवळ आता दुसरं काम नही."

येताना आम्ही कुठेच थांबलो नाही.

घरी पोचलो तर अक्का जाग्या होत्या. इंजिनचा आवाज त्यांनी गावाच्या वेशीपासून ओळखला होता, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी प्रसादाचा नारळ छातीवर ठेवायला लावला. "निरोप सांगितला?"

"सांगितला."

"काय म्हने?"

मी आबांकडे पाहिलं. आबा दारातून म्हणाले, "म्हने, रुसली असती तरी चाललं असतं."

अक्का हसल्या. हसताना खुबा दुखला, डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पन इतका उशीर कसा केला रे भाऊ?"

"पत्रा मिळत नव्हता," मी म्हणालो.

"सांगायचं नही? आबाले सांगितलं असतं त त्यांनी जयगाव पालथं घातलं असतं." आणि त्यांनी उशीखालून रुमालात बांधलेली केळीची वेफर्स काढून दिली. वाटेत खायला.

परतीची बस दुपारी दोनची मिळाली. उन्हाळ्यात ही बस घेऊ नका. एरंडोलपर्यंत खिडकीची सळई हाताला चटका देत होती. वेफर्स मी पारोळ्याला उघडली आणि धुळ्यापर्यंत पुरवली. घरी आईने विचारलं, कसं झालं? म्हणालो, टाकी चांगली बसली.

ज्येष्ठात आबांचा फोन आला. अक्का गेल्या. शेवटचे काही दिवस त्या बोलत नव्हत्या. पण संध्याकाळी जीप खिडकीखाली आणून पाच मिनिटं चालू केली की मान वळवायच्या. मी विचारलं, त्यांना सांगितलं का? "नही," म्हणाले. "आता तू सांग कोनाले सांगायचं त्याले." म्हणून हे लिहिलं. वहिनी हा ब्लॉग वाचतात, त्यांनाही आजच कळेल. त्यांनी मला माफ करावं असं मी म्हणत नाही. पत्रा मिळत होता, एवढं त्यांना माहीत असावं.

मी अजूनही टाक्या करतो. पेट्रोल भरून चार दिवस ठेवणं सोडलेलं नाही, भीती तशीच आहे. फक्त झाकण आधी पाहतो. आणि काम घेताना माप विचारण्याआधी दुसरं विचारतो. गेल्या आठवड्यात नाशिकचे एक गृहस्थ खूप जुन्या, लांब बॉनेटच्या मोटारीची टाकी घेऊन आले. मी विचारलं, "गाडीत कोण बसणार आहे?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "कोणी नाही. प्रदर्शनात उभी राहील."

मी त्यांना दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.